ईएन २४ (मिश्र पोलाद) घेतलं, पाणी दिलं (हार्डनिंग केलं), तरी पिनचा वाक तेवढाच. दोष मटेरियलचा की हीट ट्रीटमेंटचा?

चक_आणि_टूल

एका फिक्स्चरमध्ये एका टोकाला धरलेली आणि दुसरं टोक मोकळं असलेली गोल पिन आहे. व्यास २० मिमी, ब्लॉकबाहेरची लांबी २०० मिमी. मोकळ्या टोकावर आडवा भार जास्तीत जास्त ५०० न्यूटन. एवढ्या भाराखाली टोक ०.४० मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. पिन ब्लॉकमधल्या भोकात ३० मिमी आत जाते, फिट एच ७ / जी ६ (किंचित मोकळीक ठेवणारा) आहे आणि बाजूने एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आवळलेला आहे.

आधी पिन माइल्ड स्टीलची होती. पूर्ण भाराला डायल गेज ०.९५ मिमी दाखवत होता. म्हणून ईएन २४ घेतलं, हार्डनिंग-टेम्परिंग करून घेतलं (३२ एचआरसी, म्हणजे रॉकवेल हार्डनेस), ग्राइंड करून त्याच मापाची पिन बसवली. रीडिंग पुन्हा ०.९५. दोन्ही पिनांच्या बाबतीत भार काढल्यावर काटा शून्यावर न येता ०.०५ च्या आसपास थांबतो. पिन काढून व्ही ब्लॉकवर फिरवली तर मात्र ती सरळच आहे.

ईएन २४ च्या त्याच लॉटमधून १० मिमी व्यासाचा आणि ५० मिमी गेज लांबीचा टेन्साइल नमुना तोडून घेतला. यील्ड (जिथून कायमचं ताणणं सुरू होतं तो स्ट्रेस) ८५० आणि अंतिम ताकद १,००० मेगापास्कलच्या आसपास आली. पण मशीनने काढलेल्या ग्राफच्या सुरुवातीच्या सरळ भागाचा उतार काढला तर यंग मॉड्युलस (पदार्थाच्या ताठपणाचं माप) जेमतेम २५ गिगापास्कल येतो. पुस्तकांत पोलादाचा २०० दिलेला असतो.

ग्रेड चुकीची मिळाली का? हीट ट्रीटमेंट बिघडली का? आणि वाक ०.४० च्या आत आणायचा कसा? अटी दोन आहेत. लांबी कमी करता येत नाही, आणि टोकाचे ४० मिमी व्यास २० च ठेवावा लागतो, कारण त्यावर बुश (नळीसारखा भाग) सरकतो. उरलेल्या भागात ३० मिमी व्यासापर्यंत जागा आहे.

ताणमापक

ग्रेडवर संशय घेऊ नका आणि हीट ट्रीटमेंटवरही नको. ३२ एचआरसी म्हणजे सुमारे ३०० ब्रिनेल (हार्डनेसचंच दुसरं माप), आणि पोलादात ब्रिनेल आकड्याला ३.४५ ने गुणलं की अंतिम ताकद मेगापास्कलमध्ये ढोबळमानाने मिळते. तुमच्या चाचणीतले १,००० त्याच्याशी जुळतात. वाक बदलला नाही कारण भार काढल्यावर परत जाणारा वाक पोलादाच्या ताकदीवर अवलंबूनच नसतो.

एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याचं गणित असं: भार गुणिले लांबीचा घन, याला तीन गुणिले यंग मॉड्युलस गुणिले छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया (छेदाचा आकार वाकायला किती विरोध करतो त्याचं माप) याने भागायचं. भरीव गोल छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे पाय गुणिले व्यासाचा चौथा घात, भागिले ६४. २० मिमी व्यासाला तो ७,८५४ येतो (एकक मिमीचा चौथा घात). मॉड्युलस २,००,००० मेगापास्कल धरला की वाक ०.८५ मिमी. या सूत्रात यील्डला जागा नाही आणि हार्डनेसलाही नाही.

ताकदीचा प्रश्न कधी येतो तेही पाहून घ्या. मुळाशी बेंडिंग मोमेंट ५०० × २०० = १,००,००० न्यूटन-मिमी. ३२ गुणिले मोमेंट भागिले पाय गुणिले व्यासाचा घन, म्हणजे पृष्ठभागावरचा कमाल स्ट्रेस १२७ मेगापास्कल. माइल्ड स्टीलचं यील्ड २५० च्या आसपास असतं. म्हणजे साध्या पोलादालाही हा भार निम्म्या क्षमतेचाच होता, आणि दोन्ही पिना पूर्णपणे स्थितिस्थापक पट्ट्यात काम करत होत्या. त्या पट्ट्यात दोघींचा मॉड्युलस एकच. भार एवढा असता की माइल्ड स्टीलची पिन कायमची वाकून बसली असती, तर ईएन २४ ने फरक दाखवला असता.

आता ०.९५ कडे या. गणित ०.८५ सांगतं, मग वरचे ०.१० कुठून आले? २०० मिमी लांबीवर ०.१० म्हणजे मुळाशी ०.०००५ रेडियनचा कल. तुमची बैठक (ब्लॉकमधलं भोक) ३० मिमी खोल आहे. तेवढ्या खोलीवर हा कल यायला फक्त ०.०१५ मिमी मोकळीक पुरते. २० मिमीला एच ७ / जी ६ मध्ये मोकळीक ०.००७ ते ०.०४१ मिमी असते. ग्रब स्क्रू पिनला एका जागी एका बाजूला दाबतो, कल थांबवत नाही. काटा शून्यावर परतत नाही आणि पिन मात्र सरळ निघते, ही खूणही बैठकीकडेच बोट दाखवते: पिन कललेल्या जागी घर्षणाने थोडी अडकून राहते.

खात्री करायची असेल तर एकदम ५०० न्यूटन लावू नका. १०० च्या टप्प्यांनी चढवा आणि प्रत्येक टप्प्याचं रीडिंग लिहा. पिनचा स्वतःचा वाटा १०० न्यूटनला ०.१७ मिमी आहे. पहिला टप्पा ०.२७ च्या आसपास आणि पुढचे सगळे ०.१७ आले तर बैठकीत मोकळीक आहे. प्रत्येक टप्पा सारखाच ०.१९ आला तर मोकळीक नाही, ब्लॉक किंवा त्याची पकड स्थितिस्थापकपणे वळते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही चाचणी आधी करा. दुसरा डायल गेज पिनच्या मुळापासून १० मिमीवर ठेवला तर निदान आणखी पक्कं होतं. तिथे पिनच्या स्वतःच्या वाकाचा वाटा तीन-चार मायक्रॉनच असतो, त्याहून जास्त जे दिसेल ते बैठकीचं. गेजचा स्टँड ब्लॉकवरच हवा, मशीनच्या टेबलावर नको, नाहीतर ब्लॉकची हालचालही रीडिंगमध्ये मिसळते.

स्फटिकजाळी

मॉड्युलस का बदलत नाही, हे वर आलेलं नाही म्हणून लिहितो. भार लावल्यावर आधी अणूंमधली अंतरं किंचित ताणली जातात. भार काढला की अणू मूळ जागी येतात. ही अंतरं ताणायला किती जोर लागतो ते अणूंमधल्या बंधांवर ठरतं, आणि यंग मॉड्युलस हे त्याच जोराचं माप आहे. ईएन २४ मध्ये निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि कार्बन मिळून तीन-साडेतीन टक्के. बाकी बहुतेक लोखंडच. बंध लोखंड-लोखंडाचेच राहिले की मॉड्युलसही तिथेच राहतो. पाणी देऊन मार्टेन्साइट (झटकन थंड केल्यावर बनणारी कठीण रचना) केलं तर तो एक ते तीन टक्के खालीच येतो, वर जात नाही.

यील्डची यंत्रणा मुळातच वेगळी आहे. अणूंची एक अख्खी रांग दुसरीवरून एकाच वेळी सरकावी लागली असती तर किती स्ट्रेस लागेल याचा अंदाज फ्रेंकेलने १९२६ मध्ये मांडला होता: शिअर मॉड्युलस भागिले दोन पाय. लोखंडाचा शिअर मॉड्युलस ८० गिगापास्कल धरला तर हा आकडा सुमारे १३ गिगापास्कल. प्रत्यक्षात शुद्ध, मऊ केलेलं लोखंड काही दहा मेगापास्कलला सरकू लागतं. ही शेकडोपट तफावत १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी स्वतंत्रपणे सोडवली. स्फटिकात डिसलोकेशन नावाचे रेषादोष असतात. सरकणं अख्ख्या प्रतलावर एकदम होत नाही, दोषाच्या रेषेपाशी थोडंथोडं होतं आणि ती रेष पुढे जाते. त्यासाठी फार कमी जोर पुरतो.

मग पोलादाची ताकद वाढवायची म्हणजे या रेषांच्या वाटेत अडथळे उभे करायचे. हार्डनिंग-टेम्परिंगमध्ये मार्टेन्साइटच्या बारीक पट्ट्या, त्यांच्या सीमा, बारीक कार्बाइड आणि गर्दी करून बसलेली डिसलोकेशन्स हे अडथळे असतात. पोलादातले स्फटिककण बारीक केले तरी तेच होतं: यील्ड हे कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतं (हॉल १९५१, पेच १९५३). थंड अवस्थेत ओढलेली सळई जास्त ताकदीची होते तीही एका डिसलोकेशनच्या वाटेत दुसरी येऊन अडते म्हणूनच. यातला एकही उपाय अणूंमधला बंध ताठ करत नाही. म्हणून यील्ड तिप्पट-चौपट होतं आणि मॉड्युलस जागचा हलत नाही.

घरच्या घरी पडताळा घ्यायचा असेल तर माइल्ड स्टीलचा आणि हार्डन केलेल्या ईएन २४ चा २० मिमी व्यासाचा, ३०० मिमी लांबीचा एकेक तुकडा घ्या. दोन्ही टोकांपासून ६७ मिमीवर (लांबीच्या ०.२२४ पट) दोऱ्यात लटकवा, मधोमध छोट्या हातोडीने टोला द्या आणि फोनवरच्या कुठल्याही स्पेक्ट्रम अॅपमध्ये वारंवारिता बघा. दोन्ही तुकडे ९९० हर्ट्झच्या आसपास वाजतील. दोरा ६७ मिमीवरच हवा, कारण त्या कंपनात ती दोन ठिकाणं स्थिर असतात. दुसरीकडे बांधला तर दोराच कंपन खाऊन टाकतो आणि आवाज लगेच मरतो. मॉड्युलस काढायला सूत्र: १.६०६७ गुणिले वस्तुमान गुणिले वारंवारितेचा वर्ग गुणिले लांबीचा घन भागिले व्यासाचा चौथा घात, सगळं किलो-मीटर-सेकंदात. एवढ्या आखूड तुकड्याला उत्तर २.४ टक्क्यांनी वाढवून घ्यावं लागतं, कारण सूत्र सडपातळ दांड्यासाठी आहे.

उभा_नमुना

२५ गिगापास्कलचा उलगडा: तो उतार पोलादाचा नाही, पोलाद आणि मशीन मिळून आलेला आहे.

१० मिमी व्यासाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिमी. ५०० मेगापास्कलला भार ३९.३ किलोन्यूटन. त्या वेळी ५० मिमी गेज लांबी खरोखर किती वाढते? ५०० भागिले २,००,००० म्हणजे स्ट्रेन ०.००२५, म्हणजेच ०.१२५ मिमी. तुमच्या ग्राफवर मॉड्युलस २५ दिसतो याचा अर्थ मशीनने त्या भाराला एक मिमी सरकणं नोंदवलं. उरलेले ०.८७५ मिमी नमुन्याच्या गेज लांबीत घडलेलेच नाहीत. ते क्रॉसहेडच्या (नमुना ओढणाऱ्या सरकत्या आडव्या भागाच्या) खांबांत, लोडसेलमध्ये (भार मोजणाऱ्या भागात), जॉमध्ये (पकडीत) नमुना रुतण्यात आणि नमुन्याच्या खांद्यांत गेले. क्रॉसहेडच्या सरकण्यावरून मॉड्युलस काढायचाच नसतो. यील्ड आणि अंतिम ताकद भारावरून निघतात, म्हणून ते आकडे तुम्हाला बरोबर मिळाले. तुटल्यानंतरचं एलाँगेशनही दोन तुकडे जुळवून खुणांमधलं अंतर मोजून काढतात, तेही सुरक्षित आहे. फक्त उतार बाद.

०.२ टक्के प्रूफ स्ट्रेसबाबत मात्र सावध राहा. ईएन २४ ला माइल्ड स्टीलसारखा ठळक यील्ड पॉइंट नसतो, वक्र हळूहळू वळतो. त्यामुळे यील्ड म्हणून जे सांगतात ते ०.२ टक्के कायम स्ट्रेनला असलेला स्ट्रेस. तो काढायला सरळ भागाला समांतर रेष काढावी लागते. क्रॉसहेडच्या ग्राफवर, प्रत्यक्ष दिसणाऱ्या उताराला समांतर रेष काढली असेल तर उत्तर चालण्यासारखं येतं. पण कुणी २०० चा उतार गृहीत धरून त्या ग्राफवर रेष ओढली तर ती वक्राला भलत्याच ठिकाणी, खूप खाली छेदते. रिपोर्टमध्ये रेष कशी काढली ते विचारून घ्या.

मॉड्युलस हवाच असेल तर नमुन्यावरच चढवलेला एक्स्टेन्सोमीटर (गेज लांबीची वाढ थेट मोजणारं उपकरण) लावा, आणि तोही दोन्ही बाजूंनी वाचणारा, म्हणजे नमुना किंचित तिरका धरला गेल्याने येणारा वाक सरासरीत निघून जातो. आधी यील्डच्या दहाएक टक्क्यांपर्यंत भार चढवून जॉ बसू द्या. मग उतार यील्डच्या १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान काढा. अगदी सुरुवातीचा भाग घेऊ नका, तिथे जॉ बसण्याची वक्रता असते. एक्स्टेन्सोमीटर नसेल तर वर सांगितलेली टोल्याची पद्धत टेन्साइल मशीनपेक्षा अचूक आकडा देईल, यात मला शंका नाही.

चक_आणि_टूल

टप्प्यांनी भार लावला. पहिला टप्पा ०.२६, पुढचे चारही ०.१७. म्हणजे बैठकीत मोकळीक आहे.

पुढचे प्रश्न. व्यास किती वाढवायचा, आणि टोकाचा भाग २० च राहिला तर वाढवलेल्या जाडीचा फायदा निघून जातो का? बुशमुळे टोकाला झीज होते, तिथे हार्डनेस लागणारच. मग ईएन २४ ठेवायचं की नाही? आणि टंग्स्टन कार्बाइडची सळई लावली तर व्यास न वाढवता काम होईल का?

ताणमापक

टोक बारीक राहिल्याने जवळजवळ काहीच जात नाही. बेंडिंग मोमेंट टोकाला शून्य असतो आणि मुळाकडे वाढत जातो. वाकाचा मोठा हिस्सा मुळाजवळच्या भागातून येतो.

पूर्ण पिन २५ मिमीची केली तर वाक ०.३४८. शेवटचे ४० मिमी २० चे ठेवले तर ०.३५२. फरक चार मायक्रॉन. हेच उलटं करून, म्हणजे मुळाशी ४० मिमी २० चे आणि पुढे २५, असं केलं तर ०.५९. ब्लॉकमधलं जुनं २० मिमीचं भोक तसंच ठेवून फक्त बाहेरची पिन जाड करायचा मोह होईल. बाहेरचा जाड भाग ब्लॉकच्या तोंडावर घट्ट टेकला नाही तर सगळी मेहनत तिथेच जाते.

२५ वर कागदावर ०.३५ येतं, पण ते घेऊ नका. गणितात मूळ पूर्ण ताठ धरलेलं असतं. प्रत्यक्षात घट्ट बैठकीतही भोकाच्या तोंडाशी पिन आणि ब्लॉक दोन्ही थोडे दबतात, आणि पिन पाच-सहा मिमी जास्त लांब असल्यासारखी वागते. लांबीचा घन असल्यामुळे तेवढ्यानेही वाक आठ-नऊ टक्के वाढतो आणि तुम्ही ०.३८ वर पोचता. मर्यादा ०.४० असताना एवढी चिंचोळी जागा ठेवण्यात अर्थ नाही. २८ घ्या. टोकाचे ४० मिमी २० चे धरून वाक ०.२३, मुळाच्या सैलपणाची भर घालूनही ०.२५ च्या आसपास. मुळाशी स्ट्रेस ४६ मेगापास्कल. एवढ्याला माइल्ड स्टीलही पुरून उरतं.

वजन कमी हवं असेल तर पोकळ पिनचाही विचार करा. बाहेरून ३० आणि आतून २४ मिमीची नळी २० मिमी भरीव दांड्याच्या तिप्पट ताठ असते आणि वजनाला १९ टक्के हलकी. इथे वजनाचा प्रश्न नाही म्हणून भरीवच सोपं.

कार्बाइडबद्दल: त्याचा मॉड्युलस ग्रेडनुसार ५५० ते ६५० गिगापास्कल. ६०० धरला तर २० मिमी व्यासातच वाक ०.२८ येईल, म्हणजे व्यास वाढवणं अशक्य असतं तर हा खरा उपाय होता. लांब बोरिंग बारसाठी कार्बाइडची शँक वापरतात ती याच गुणासाठी. पण ग्रब स्क्रूच्या टोकाचा दाब त्यावर घेऊ नये, पिन आपटली तर ती वाकत नाही, तुटते, आणि तिच्यावर पायरी काढायची तर डायमंड व्हीलने ग्राइंडिंग. जागा असताना त्या वाटेला जाऊ नका.

भट्टी_८४०

ईएन २४ ठेवायचं का, तर या कामात त्याच्या ताकदीची गरज नाही. गरज आहे ती टोकाच्या ४० मिमी पृष्ठभागाच्या कठीणपणाची, आणि ३२ एचआरसी झिजेसाठी कमीच आहे. ईएन ८ (मध्यम कार्बनचं साधं पोलाद) घ्या, टर्निंग करून व्यासावर ०.३ ते ०.५ मिमी ग्राइंडिंगसाठी राखा, फक्त टोकाचा भाग इंडक्शनने (विजेच्या कॉइलने तापवून) ५० ते ५५ एचआरसीपर्यंत कठीण करा, १८० ते २०० अंशांवर टेम्पर करा आणि मग ग्राइंड करा. कठीण पट्टा पायरीच्या फिलेटमध्येच (कोपऱ्याच्या गोलाईतच) संपू देऊ नका. जिथे कठीण थर संपतो तिथे पृष्ठभागावर ओढीचा अवशिष्ट स्ट्रेस राहतो, आणि तीच जागा कोपऱ्याची असेल तर थकव्याची (पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने पडणारी) भेग तिथून सुरू होते. पट्टा पायरीच्या दोन-तीन मिमी अलीकडे संपवा, बुशची धाव तिथपर्यंत जात नसेल तर.

ताकद वाढवण्याची किंमतही ठाऊक असावी, कारण "अजून कठीण करूया" हा सल्ला फार सहज दिला जातो. भार उलटसुलट येत असेल तर चकचकीत पॉलिश केलेल्या नमुन्याची थकवा-मर्यादा अंतिम ताकदीच्या निम्मी असते, ही चाल सुमारे १,४०० मेगापास्कलपर्यंत टिकते. पण टर्निंगच्या खुणा राहिलेल्या पृष्ठभागावर ४१० मेगापास्कल अंतिम ताकदीच्या माइल्ड स्टीलच्या थकवा-मर्यादेचे सुमारे ९० टक्के टिकतात आणि १,००० च्या ईएन २४ चे सत्तर-बहात्तर टक्केच. म्हणजे ताकद जवळजवळ अडीचपट वाढवूनही थकवा-मर्यादा दुप्पटसुद्धा होत नाही. पायरीचा कोपरा धारदार ठेवला तर तीही वाढ हातची जाते. पोलाद जितकं कठीण तितका त्याला खाचेचा आणि ओरखड्याचा त्रास जास्त.

ज्यांना ईएन २४ खरंच लागतं त्यांच्यासाठी: ८३० ते ८५० अंशांवरून तेलात, मग लगेच टेम्परिंग. हात लावता येईल इतपत कोमट असतानाच तुकडा टेम्परिंगच्या भट्टीत गेला पाहिजे, रात्रभर तसाच ठेवला तर तडा जाऊ शकतो. ३० ते ३४ एचआरसीसाठी टेम्परिंग ५५० ते ६५० च्या पट्ट्यात येतं. २५० ते ४०० अंशांच्या मधलं टेम्परिंग टाळा: हार्डनेस आकर्षक दिसतो पण चिवटपणा खाली येतो, आणि हार्डनेस टेस्टरवर ते कळत नाही, आघात चाचणीतच कळतं. ३९-४० एचआरसीच्या वरच्या पोलादावर झिंकचं इलेक्ट्रोप्लेटिंग केलं तर हायड्रोजन आत शिरतो आणि भाग भाराखाली काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तडकतो. त्यासाठी प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर बेकिंग सुरू करावं लागतं. तुमच्या पिनला प्लेटिंग नको, तेलकट काळं फिनिश पुरेल.

रेषाखंड

"मॉड्युलस बदलत नाही" या वाक्याला थोडी कुंपणं घालतो, नाहीतर कुणी ते सगळ्याच पदार्थांना लावेल. लोखंडाचा एकच स्फटिक घेतला तर घनाच्या कडेच्या दिशेने मॉड्युलस सुमारे १२५ आणि घनाच्या आरपार कर्णाच्या दिशेने सुमारे २७० गिगापास्कल असतो. सळईत कण सगळीकडे तोंड करून असतात म्हणून सरासरी २०० ते २१० दिसते. रोल केलेल्या पत्र्यात कण एका दिशेला झुकले तर पत्र्याच्या लांबीत आणि रुंदीत मॉड्युलस थोडा वेगळा मिळतो. ग्रे कास्ट आयर्नमध्ये ग्रॅफाइटच्या पातळ पाकळ्यांमुळे तो ७० ते १४० च्या मधे कुठेही असू शकतो आणि रेषही नीट सरळ नसते. स्फेरॉइडल ग्रॅफाइटच्या बिडात १६५ ते १७५. प्लास्टिकचा मॉड्युलस तर तापमान, ओलावा आणि भार किती वेळ ठेवला यांवर बदलत राहतो.

आणि कुणी अॅल्युमिनियम सुचवेल त्याआधीच: ७० गिगापास्कल, त्याच मापात वाक २.४ मिमी. हलकं आहे हे खरं, पण मॉड्युलस भागिले घनता हे गुणोत्तर पोलाद, अॅल्युमिनियम, टायटॅनियम, मॅग्नेशियम सगळ्यांचं २४ ते २६ च्या मधेच येतं (गिगापास्कल भागिले ग्रॅम प्रति घनसेंमी), त्यामुळे टोल्याच्या चाचणीत अॅल्युमिनियमचा तेवढाच तुकडाही जवळजवळ त्याच सुरात वाजतो. अॅल्युमिनियमचा फायदा जाडी वाढवायला मोकळीक असेल तेव्हाच मिळतो.

ताणमापक

बैठकीची मापं देतो, बाकी सगळं ठरलेलं दिसतं. ब्लॉकमध्ये २८ एच ७ (०.००० ते +०.०२१), पिनवर पी ६ (+०.०२२ ते +०.०३५). यात दाब (पिन भोकापेक्षा जेवढी जाड तेवढा) १ ते ३५ मायक्रॉन पडतो. खोली ३० वरून ५० मिमी करा, व्यासाच्या पावणेदोनपट. भोकाच्या तोंडाला ०.५ मिमीपेक्षा मोठा चॅम्फर (तिरकी कापलेली कड) देऊ नका, तो आधार मुळापासून दूर नेतो. भोक आंधळं असेल तर पिनमध्ये हवा निघायला बारीक खाच ठेवा, नाहीतर दाबताना अडकलेली हवा पिन पूर्ण खाली बसू देत नाही. २८ वरून २० वर उतरताना फिलेट किमान १.५ मिमी, आणि बुशच्या तोंडाला त्याहून मोठा चॅम्फर, म्हणजे बुश फिलेटवर चढणार नाही. पिन पुन्हापुन्हा काढावी लागत असेल तर दाबाच्या फिटऐवजी ब्लॉक चिरून दोन स्क्रूंनी आवळणारा क्लॅम्प करा, एक स्क्रू तोंडाजवळ आणि एक आत. ग्रब स्क्रू काढून टाका.

बसवल्यावर पुन्हा १०० न्यूटनच्या टप्प्यांनी रीडिंग घ्या. प्रत्येक टप्प्याला ०.०४५ ते ०.०५० मिमी यायला हवं, पहिल्या टप्प्यालाही. भार काढल्यावर काटा शून्यापासून पाच मायक्रॉनच्या आत परतला पाहिजे.